दोन साक्षीदार घेऊन या

श्रोतेहो, नमस्कार.

बँका आणि दिव्यांग, म्हणजे दिव्यांग खातेदार आणि दिव्यांग कर्मचारी, या विषयावर आज मला बोलायला सांगितलंय. बँकेत 36 वर्षं काढली, तेव्हा विषय माझ्या अंगणातलाच आहे. पण आधीच कबूल करतो, यातली एक हकीकत सांगायची मला फार घाई झालीय. ती सांगतो, मग नियमांकडे वळतो. वेळ उरला तर.

2009 सालचा पावसाळा. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी मॅनेजर होतो. गावात अंध मुलांची निवासी शाळा होती आणि तिथले गायनाचे सर आमचे खातेदार. दर महिन्याच्या तीन-चार तारखेला शाळेच्या शिपायाचा हात धरून यायचे, स्लिपवर अंगठा उठवायचे, पैसे घेऊन जायचे. अर्धा अमरकोश तोंडपाठ असलेला माणूस, आणि आमच्या दप्तरी अंगठेबहाद्दर!

एक दिवस सर एकटेच आले. एका हातात काठी, दुसऱ्यात निथळणारी छत्री. समोर बसले आणि म्हणाले, "साहेब, मला चेकबुक पाहिजे."

मी काय म्हणालो असेन? तेव्हा सगळेच म्हणायचे तेच. "सर, तुम्हाला चेकबुक कसं देणार? उद्या कुणी फसवलं म्हणजे? त्यापेक्षा वहिनींचं नाव खात्याला लावा, त्या सही करतील."

"तीही अंधच आहे."

"मग मुलाचं लावा."

"तो तिसरीत आहे."

आता आली का पंचाईत? मी म्हणालो, "मग असं करा, दोन साक्षीदार घेऊन या. त्यांच्यासमोर तुमचा अर्ज घेतो." श्रोतेहो, असा कुठलाही नियम नव्हता. तो मी बसल्या जागी तयार केला. बँकेतले निम्मे नियम असेच जन्माला येतात, हे तुम्हाला म्हणून सांगतो. मला वाटलं, मिटलं प्रकरण.

दुसऱ्या दिवशी अकराचा सुमार. पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत गेलेली. आणि पायरीवर काठ्यांचा आवाज आला. एक नाही, तीन काठ्या. पुढे सर, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शाळेतले खुर्च्या विणायला शिकवणारे मास्तर, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ब्रेल शिकवणारे मास्तर. तिघंही पूर्ण अंध. रांग आपोआप बाजूला झाली. कॅशियरचा शिक्का मारायचा थांबला.

"साहेब, दोन साक्षीदार आणलेत," सर म्हणाले.

मी आवाज खाली आणून म्हणालो, "सर, पण हे… म्हणजे हे साक्ष कशी देणार?"

"तुम्ही दोन म्हणालात, दोन आणले. डोळस पाहिजेत असं काही म्हणाला नव्हता." रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सर मात्र शांत. "तुमची अडचण कळते मला. साक्षी या शब्दातच अक्षी आहे. डोळ्यांसकट तो साक्षी. पण काल रात्री हा अर्ज मी सांगितला आणि पोरानं लिहिला, तेव्हा हे दोघं माझ्या ओसरीवर होते. त्यांनी शब्दन् शब्द ऐकलाय. विचारा."

आणि मग, बंदिश म्हणावी तसं, त्यांनी म्हणून दाखवलं. "रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, तारीख 4 जून 2008. अंध व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे. चेकबुक, त्यातून तिसऱ्याला द्यायचे चेकसुद्धा, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्ज, क्रेडिट कार्ड, यातली कुठलीही सोय भेदभाव न करता द्यायची."

मला ती तारीखसुद्धा ठाऊक नव्हती. शिपायाला आतल्या खोलीत पिटाळलं. परिपत्रकांची 2008 ची फाइल सापडली पाण्याच्या माठाखाली. माठ डगमगू नये म्हणून तिचा टेकू दिला होता. कागद ओले, कडा काळ्या पडलेल्या. पण अक्षर वाचता येत होतं. 4 जून 2008. सर एका शब्दानेही चुकले नव्हते.

आता प्रश्न सहीचा. खात्यावर अंगठा, आणि चेकला तर सही हवी. मी जरा चाचरतच विचारलं, "सर, सही येते?"

सरांनी झब्ब्याच्या खिशातून एक काळपट तुकडा काढला. एक्स-रेच्या फिल्मचा. पत्त्याएवढा, आणि मधोमध ब्लेडने कापलेली आडवी फट, बोटभर लांब. म्हणाले, "सही कुठं करायची तिथं माझं बोट टेकवा." मी टेकवलं. त्यांनी फट तिथे आणली, डाव्या हाताची तर्जनी तिच्या सुरुवातीला रोवली आणि उजव्या हाताने लिहायला लागले. देवनागरीत, पूर्ण नाव. पेन फटीच्या काठाला लागलं की वळायचं. ओळीच्या वर नाही, खाली नाही.

(इथे माझं एक जुनं दुखणं सांगून घेतो. सही मराठीतच करावी. हल्ली जे गिचमिड वेटोळं काढतात, ते त्यांचं त्यांना दुसऱ्यांदा काढता येत नाही, आणि मग चेक परत आला की भांडायला येतात. असो.)

त्याच दिवशी सरांचा चेकबुकाचा अर्ज घेतला. पुढे त्यांनी पहिला चेक फाडला तो मिरजेच्या वाद्यवाल्याच्या नावाने, तंबोऱ्याच्या तारांसाठी. पास झाला. नाही तर काय होणार होतं?

तर श्रोतेहो, मुद्दा एवढाच. नियम नव्हता असं नाही. नियम माठाखाली होता. तारीख पुन्हा सांगतो, लिहून घ्या: 4 जून 2008. घरात, शेजारी कुणी अंध असेल आणि बँकेने "कुणाला तरी जॉइंट करा" म्हटलं, तर ही तारीख सांगा. तीही अशीच उगवलेली नाही. 2005 साली दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांनी एका तक्रारीवर तसा आदेश दिला होता, त्यातून ती आली. कुणीतरी भांडलं होतं.

दोन्ही हात नसलेल्या खातेदाराचं काय? त्याचीही तजवीज रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तेही जमत नसेल तर त्या माणसाच्या अंगाला स्पर्श झालेल्या वस्तूने उमटवलेली खूणही चालते. आधाराला सर्वोच्च न्यायालयाचा 1950 चा निकाल आहे. म्हणजे प्रजासत्ताकाइतकीच जुनी गोष्ट!

एटीएमचं सांगतो. 1 जुलै 2014 पासून बसवलेलं प्रत्येक नवं एटीएम बोलणारं हवं आणि त्याच्या बटणांवर ब्रेल हवं, असा नियम आहे. हेडफोन लावला की मशीन कानात सांगतं, आता पिन दाबा, आता रक्कम. आमच्या नाक्यावरच्या मशीनच्या त्या भोकात कुणीतरी च्युइंगम कोंबलंय. आणि चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतारावर वॉचमनची सायकल.

आता एक गंमत करा. शंभर, दोनशे आणि पाचशेची नोट हातात घ्या आणि डोळे मिटा. तिन्हींची रुंदी एकच, 66 मिलिमीटर. लांबी शंभराची 142, दोनशेची 146, पाचशेची 150. म्हणजे फरक चार-चार मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा कमी! जुन्या शंभर-पाचशेत एक सेंटिमीटरचा फरक होता. उठावाच्या खुणा आहेत, शंभरावर त्रिकोण, पाचशेवर गोल, पण भाजीबाजारात महिनाभर फिरलेल्या नोटेवर त्या लागतात का बघा. म्हणून रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2020 ला 'मणी' नावाचं अ‍ॅप काढलं. मोबाइल नोटेवर धरा, तो किंमत बोलतो. इंटरनेट लागत नाही. नाव लक्षात ठेवा, मणी. मण्यासारखा मणी.

आणि हे मोबाइलवरचं केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख पटवणं. "कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळे मिचकावा." अ‍ॅसिडने पापण्या जळालेल्या बाईने काय मिचकावायचं? अशाच बायका आणि एक अंध वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. 30 एप्रिल 2025 ला न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, पद्धत बदला.

कर्मचाऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण स्टुडिओच्या काचेपलीकडून मला खूण होतेय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी बँकांतही चार टक्के जागा राखीव आहेत, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. माझ्या काळी अंध माणूस म्हणजे टेलिफोन ऑपरेटर, हे ठरलेलं. आता स्क्रीन वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यातली काही फुकट. पण परीक्षा देऊन आलेल्या अंध ऑफिसरच्या कॉम्प्युटरवर ते टाकायला वरून परवानगी यायला सहा महिने, आणि तोवर त्याला दारात चौकशीच्या टेबलावर बसवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, दोनदा.

आता माझंच सांगतो आणि थांबतो. मी 74 चा झालो. हात थरथरतो. गेल्या दिवाळीत माझाच चेक परत आला, शेरा होता "सही जुळत नाही". सत्तरीपुढच्यांना आणि दिव्यांगांना घरी येऊन सेवा द्यायची, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये सांगितलंय. मी ती मागितली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आमच्या शाखेत तसलं काही नाही." मी माठ शोधला. आता कूलर आहे.

त्या गावाहून माझी बदली झाली तेव्हा सरांनी तसाच एक एक्स-रेचा तुकडा कापून माझ्या हातात ठेवला होता. इतकी वर्षं पासबुकाच्या कव्हरात पडून होता. आता सही करताना तोच काढतो. उजेडात धरला की त्यात कुणाच्या तरी बरगड्या दिसतात. कुणाच्या, ते तेव्हा सरांना विचारलं होतं. म्हणाले, "मला काय माहीत? मी कुठं बघितल्यात?"

नमस्कार.