शून्य रुपयांचं तिकीट

(पहाट. पाऊस. लांबून गाडीचे दिवे.)

पाटण तालुक्यातला एक फाटा. पावणेसहा वाजलेत. घरापासून इथवर तो वडिलांच्या मोटारसायकलवर आला, मागून आईनं धरलं होतं. वय एकोणीस. उजव्या गुडघ्याला टॉवेल गुंडाळलाय, त्यात बर्फ आहे. शेजारच्यांच्या फ्रिजमधला.

काल दुपारी तीनच्या सुमारास गुडघ्यात मुंग्या आल्यासारखं झालं. पडला नाही, कुठं आपटला नाही. पण हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, घेऊन वाढलेल्या पोराला तेवढ्यावरून कळतं, सांध्यात रक्त सुटलंय. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा.

(गाडीचं दार. कॅमेरा खाली.)

आता ही पायरी बघा. एसटीची पहिली पायरी. चिखलापासून धरली तर जवळजवळ त्याच्या गुडघ्याला लागते. आपण दांडा धरतो आणि चढतो, कधी लक्षातही येत नाही. त्याचा पाय वाकत नाही. म्हणून तो गाडीकडे पाठ करतो, पायरीवर बसतो, आणि हातांवर जोर देत, बसल्या बसल्याच मागे सरकत वर जातो. वाहक घंटीची दोरी धरून थांबलेत.

(इथे निवेदन नाही. पाऊस आणि इंजिन.)

राखीव बाकावर रंगवलेली अक्षरं अजून ‘अपंग’ अशीच आहेत. वाहक कार्ड बघतात. मशीनमधून चिठ्ठी निघते: शून्य रुपये.

या शून्यामागे बरंच काही घडलंय. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार होते सात. दृष्टीचे दोन (अंधत्व आणि कमी दृष्टी), कान, हातपाय, मन, बुद्धी, बरा झालेला कुष्ठरोग. रक्ताचं त्यात काहीच नव्हतं. ज्याचा गुडघा महिन्यातून दोनदा सुजतो आणि मधल्या दिवसांत जो चारचौघांसारखा चालतो, त्याला कोण अपंग म्हणणार? 2016 च्या कायद्यानं यादी एकवीसवर नेली. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार आत आले. मग आलं हे कार्ड, यूडीआयडी, अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. त्यावरची पिवळी पट्टी म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर, ऐंशीच्या आत. एसटीच्या साध्या गाडीत हिमोफिलियाच्या रुग्णाला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, ते शासन महामंडळाला देतं.

शेजारी आई बसलीय, तिला अर्धं तिकीट. साथीदार म्हणून नव्हे हं! ती सवलत मिळायला रुग्णाचं अपंगत्व 65 टक्क्यांच्या पुढं लागतं आणि याच्या कार्डावर 45 आहेत. आईचं अर्धं तिकीट मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना आहे, तेच. वडील सोबत आले असते तर पूर्ण पडलं असतं, वर दिवसाची मजुरी बुडाली असती.

(घाट, उंब्रज, हायवे. खिडकीच्या काचेवर पाणी.)

सातारा, सकाळचे नऊ. जिल्हा रुग्णालय.

ही छोटी बाटली म्हणजे फॅक्टर आठ, रक्त गोठायला लागणारा घटक. त्याच्या रक्तात नेमकं हेच कमी आहे. पांढरी भुकटी, सोबत निर्जंतुक पाणी. परिचारिका बाटली खळखळवत नाही. दोन्ही तळव्यांत धरून रवी फिरवावी तशी हळूहळू फिरवते, नाहीतर फेस होतो. भुकटी विरते, पाणी नितळ होतं. मग शीर शोधायची. त्याला त्या सगळ्या पाठ आहेत, तोच बोट ठेवून दाखवतो. औषध फुकट आहे.

ते रक्त सुटल्यापासून शक्यतो दोन तासांत जायला हवं. इथं अठरा तास गेले. डावा गुडघा अशानंच आखडलाय.

(रुग्णालयाचं फाटक. दुपार.)

फाटकातून ही गाडी निघाली ती 102. आत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आहे आणि बाळंतीण आहे. 2011 पासून सरकार बाळंतिणीला घरून आणतं आणि घरी सोडतंही, बिनपैशानं. चांगलंच आहे. 108 पण आहे, 2014 पासून. ती तातडीला येते, दवाखान्यात पोचवते. परत सोडणं तिच्या कामात बसत नाही.

म्हणजे गाड्या आहेत, चालक आहेत, दारात सोडायची पद्धतसुद्धा बसलेली आहे. 2016 चाच कायदा अपंगांना घराच्या जवळपास, मोफत उपचार द्या म्हणतो, खेड्यापाड्यात तर खास. त्याचं हे ‘जवळपास’ साठेक किलोमीटरवर आहे, आणि त्याच्या नावानं एकही गाडी नाही.

बसस्थानकापर्यंत रिक्षा. तिचे पैसे आई पदराच्या गाठीतून काढते.

(स्थानक. फलाट. उद्घोषणा.)

पाटण गाडी लागलीय. आई त्याला खांबाला टेकवून पुढं पळते. दारात रेटारेटी आहे. राखीव बाकावर कुणीतरी खिडकीतून आधीच रुमाल टाकलाय.