वडाखालचा बुद्ध, उंबराखालचा बुद्ध

(दृश्य: निपाणी, संध्याकाळ. विहारात वंदना सुरू.)

निपाणी. बाहेरच्या पाट्या कन्नडमध्ये, आतल्या गप्पा मराठीत आणि वंदना पालीत. 'ये च बुद्धा अतीता च, ये च बुद्धा अनागता...' होऊन गेलेल्या बुद्धांना वंदन, पुढे होणाऱ्यांनाही वंदन. 1925 साली बहिष्कृत परिषदेसाठी बाबासाहेब याच गावात आले होते. पुढे 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ही वंदना हळूहळू सीमाभागातल्या घराघरांत पोचली. लहान पोरांनासुद्धा ती तोंडपाठ असते. पण होऊन गेलेले ते बुद्ध कोण, असं विचारलं की बहुतेकांची गाडी गौतम बुद्धांपाशीच थांबते.

दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या महापदान सुत्तात, म्हणजे प्रवचनात, खुद्द गौतम बुद्धच आपल्या आधीच्या सहा जणांची ओळख करून देतात. विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप. विपस्सी 91 कल्पांपूर्वी झाले, त्यांच्या काळी माणूस 80,000 वर्षं जगायचा. कस्सपांच्या काळी 20,000. गौतमांच्या काळी जेमतेम शंभर! हे आकडे इतिहासाच्या तागडीत टाकायचे नसतात. बुद्धवंस हा ग्रंथ तर आणखी मागे जातो, दीपंकरांपासून सुरू करून गौतमांच्या आधीचे चोवीस बुद्ध सांगतो.

(दृश्य: खानापूरचा रस्ता. कडेला वड, उंबर.)

सुत्त प्रत्येकाचं कुळ सांगतं, आईबाप सांगतं आणि झाडही सांगतं. कस्सपांना बोधी मिळाली वडाखाली, कोणागमनांना उंबराखाली, ककुसंधांना शिरीषाखाली. विपस्सींचं झाड पाडळ. गौतमांचा पिंपळ सगळ्यांना ठाऊक आहेच. यातली बरीच झाडं आपल्या गावांत, नाहीतर खानापूरच्या रानात भेटतात. वेस्सभूंचा साल मात्र इथला नव्हे. तो उत्तरेचा, मध्य भारताचा.

शिल्पकारांना ही झाडं फार उपयोगी पडली. मध्य प्रदेशातला भारहुतचा स्तूप इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. तेव्हा बुद्धांची मूर्ती घडवायची रीत नव्हती. मग दगडात एक झाड, खाली रिकामं आसन, भोवती हात जोडलेली माणसं. वर ब्राह्मीत कोरलेलं: 'भगवतो वेसभुणो बोधि सालो'. भगवान वेस्सभूंचा बोधिवृक्ष, साल. तिथल्या अवशेषांत सातांपैकी सहांची झाडं सापडली, सिखींचं तेवढं नाही.

पुढे मूर्ती आल्या आणि नवाच पेच पडला. सगळे बुद्ध दिसायला सारखे! अजिंठ्याच्या 22 नंबरच्या लेण्यात चित्रकारानं प्रत्येकाच्या मागे त्याचं झाड रंगवलं, वर नावंही लिहिली. वेरूळच्या तीन ताल लेण्यात वरच्या मजल्यावर सात बुद्ध आपापल्या झाडाखाली रांगेत बसलेत.

एवढं लांब जायला नको असेल तर आपल्याच राज्यात, कर्नाटकात पाहा. पंढरपुराहून खाली आलेली भीमा कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळून वाहते. तिथं कनगनहळ्ळीच्या स्तूपाच्या उत्खननात पूर्वबुद्धांच्या नावं कोरलेल्या मूर्ती मिळाल्या. आपल्याकडचे लोक अजिंठ्याला सहल काढतात, सन्नतीला फारसं कुणी जात नाही. याचं मला नेहमी नवल वाटतं.

(दृश्य: नेपाळच्या तराईतला निगाली सागर. तुटलेला अशोकस्तंभ.)

हे बुद्ध नुसते पोथीत नव्हते, लोक त्यांना पूजत होते. राज्याभिषेकानंतर चौदाव्या वर्षी कोणागमन बुद्धांचा स्तूप वाढवून दुप्पट केला, असं अशोकानं या स्तंभावर लिहून ठेवलंय. पाचव्या शतकात आलेला चिनी भिक्खू फाहियान तर एक गंमतच नोंदवतो. श्रावस्तीकडं त्याला देवदत्ताचे, म्हणजे गौतमांशी भांडून वेगळ्या झालेल्या त्यांच्या चुलतभावाचे अनुयायी भेटले. ते आधीच्या तीन बुद्धांची पूजा करायचे, गौतमांची मात्र करायचे नाहीत. भांडण कुठवर जातं बघा!

गौतमांनी स्वतः नवा धर्म काढल्याचा दावा कधी केला नाही. नगर सुत्तात ते म्हणतात, रानात भटकणाऱ्या माणसाला जुनी वाट सापडावी, त्या वाटेनं जाता जाता जुनं नगर दिसावं, तसा मला पूर्वीच्या बुद्धांचा मार्ग सापडला.

(दृश्य: अजिंठा, लेणं 17. दारावरची चित्रांची रांग.)

या रांगेत सात बुद्ध आहेत आणि आठवा मैत्रेय, पुढे व्हायचा बुद्ध. त्याच्या डोक्यावर अजून मुकुट आहे. संसार सुटायचाय, बोधी मिळायचीय. झाड मात्र परंपरेनं आधीच ठरवून ठेवलंय, नागकेशर. आपल्या पश्चिम घाटातही ते उगवतं.