पिवळ्या टोप्यांची रांग

सकाळचे पावणेआठ वाजले आहेत. जपानमधील एका उपनगरातल्या या अरुंद गल्लीत कोपऱ्यावरच्या घराचे दार उघडते, पहिलीतला मुलगा पाठीवरचे जाडजूड दप्तर सावरत "इत्तेकिमासु" म्हणतो आणि पायरी उतरतो. या शब्दाचा अर्थ "जाऊन येतो". निघताना नुसते "जातो" म्हणू नये, हा आपल्या आजीचा दंडक तिथल्या घरांतही पाळला जातो.

मोटारचालकाला लांबून दिसावी म्हणून त्याची टोपी पिवळी आहे आणि दप्तरावरचे आवरणही पिवळेच आहे. कोपऱ्यावर शेजारपाजारची आठ मुले जमली आहेत. सर्वांत पुढे सहावीतली मुलगी, तीच या गटाची प्रमुख, आणि तिच्या हातात पिवळा झेंडा आहे. दिवा हिरवा झाला तरी ती लगेच पाऊल टाकत नाही. उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहून ती झेंडा आडवा धरते, धाकटी मुले हात उंच करतात आणि मगच रांग रस्ता ओलांडते. वळणावरचा टेम्पो तोवर थांबून राहतो.

सरकारी प्राथमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते आणि ती साधारणपणे चार किलोमीटरच्या आत असावी, असा निकष आहे. चालणे शक्य होते, त्याचे मूळ इथे आहे. मुलांनी कोणत्या रस्त्याने यायचे, तेही शाळा ठरवून देते. ही शिस्त मात्र सुखासुखी आलेली नाही. १९७० साली जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसे दगावली. त्यानंतर, १९७२ पासून, शाळेभोवतीचा सुमारे ५०० मीटरचा परिसर 'शाळा क्षेत्र' म्हणून आखला जाऊ लागला आणि अशा अनेक रस्त्यांवर सकाळच्या वेळी वाहनांना मज्जाव झाला. तरीही २०१२ मध्ये कामेओका येथे आणि २०२१ मध्ये याचिमाता येथे वाहने मुलांच्या रांगेत घुसली, मुले दगावली आणि देशभरातील शाळावाटांची पुन्हा तपासणी झाली.

दुपारी परतताना रांग सैल झालेली असते. कोणी गटारावरच्या जाळीतून खाली डोकावते, तर कोणी छत्रीचे टोक कुंपणावरून खडखडवत नेते. गल्लीतले तेच दार पुन्हा उघडते, पिवळी टोपी खुंटीवर जाते आणि आतून आवाज येतो, "तादाइमा", म्हणजे "आलो".