फॉर्म कोणी भरला?

मंडळी, प्रोस्टेटच्या तक्रारी मोजायला जगभर आयपीएसएस (इंटरनॅशनल प्रोस्टेट सिम्प्टम स्कोअर) नावाचा फॉर्म वापरतात. १९९२ साली अमेरिकेत मायकेल बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेल्या सात प्रश्नांवर तो उभा आहे. लघवी पूर्ण होत नाही असं वाटतं का, अडखळत होते का, धार बारीक झाली का, रात्री किती वेळा उठावं लागतं, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. त्रासामुळे जगणं कसं झालंय, हा आठवा प्रश्न वेगळा मोजतात.

असा फॉर्म दुसऱ्या भाषेत नेला की दोघांकडून भाषांतर, मग पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर, मग समितीची बैठक, हे सगळं रीतसर होतं. शेवटी क्रॉनबॅक अल्फा नावाचा, जास्तीत जास्त १ पर्यंत जाणारा आकडा काढतात. तो ०.८ च्या वर गेला की सगळे खूश. माझा आक्षेप इथेच आहे. अल्फा एवढंच सांगतो की उत्तरं एकमेकांशी जुळतात. कंटाळलेल्या आजोबांनी सगळ्या खुणा एकाच रकान्यात केल्या, तर जुळणारच की! अशांची संख्या वाढली तर अल्फाही वाढतो.

खरी परीक्षा म्हणजे त्याच माणसाला आठ-पंधरा दिवसांनी तोच फॉर्म पुन्हा देणं. फार लवकर दिला तर जुनी उत्तरं आठवतात. मध्ये टॅमसुलोसिन, म्हणजे लघवी मोकळी करणारं औषध, सुरू केलं तर त्रासच बदलतो. आणि इथेही नुसता सहसंबंध, म्हणजे दोन्ही वेळचे गुण सोबत वरखाली होतात का, एवढंच पाहू नका. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे चार गुण कमी आले, तरी सहसंबंध पैकीच्या पैकी! बॅरी यांच्याच १९९५ च्या अभ्यासात, थोडं बरं वाटतंय म्हणणाऱ्यांचे गुण सरासरी तीनेक गुणांनी उतरले होते. मग भाषांतरित फॉर्म आपला आपणच चार गुण हलत असेल, तर औषध लागू पडलं हे कशावरून ठरवायचं?

बहुतेक गडबड उत्तरांच्या रकान्यांत होते. ‘पाच वेळांपैकी एकापेक्षा कमी वेळा’ हे शेतात आयुष्य गेलेल्या माणसाने कसं मोजायचं? ‘रुपयात चार आणे’ म्हटलं तर आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना पटकन कळतं, पण मग ती वेगळी मोजपट्टी झाली. तिची तपासणी नव्याने हवी. त्यात फॉर्म भरतो मुलगा. वडील रात्री किती वेळा उठतात, हे त्याला कुठे ठाऊक?

दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये चित्रांचा फॉर्म पुढे आणला. कमी शिकलेल्या रुग्णांना तो मदतीशिवाय भरणं सोपं गेलं. मात्र त्यात दिवसाच्या खेपा, रात्रीच्या खेपा, धार आणि जगण्यावरचा परिणाम एवढंच आहे. लघवीची घाई, कुंथणं त्यात येत नाही, ते तोंडी विचारावंच लागतं.

तेव्हा केसपेपरवर नुसता ‘१८’ लिहू नका. स्वतः वाचून भरला, सिस्टरनी वाचून दाखवला की मुलाने भरला, तेही शेजारी लिहा. आणि पुढच्या खेपेला त्याच पद्धतीने भरून घ्या.