दुधावर घडणारा मेंदू

हे पांढऱ्या उंदराचं पिल्लू. नुकतंच जन्मलंय. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. पोटाच्या पातळ कातडीतून पांढरा पट्टा दिसतोय ना, ते आईचं दूध. पुढचे तीन आठवडे याचा मेंदू या दुधावरच वाढणार आहे.

पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा मेंदू एरवी ग्लुकोजवर, म्हणजे रक्तातल्या साखरेवर चालतो. पण उंदरिणीच्या दुधात साखर कमी, चरबी भरपूर. पिल्लाचं यकृत या चरबीपासून कीटोन नावाचे छोटे इंधन-रेणू बनवतं आणि मेंदू तेही जाळतो. त्यासाठी एक एन्झाइम लागतं, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट डीहायड्रोजिनेज. नाव लांबलचक, काम मात्र नेमकं: कीटोनमधला हायड्रोजन काढून घ्यायचा.

१९६७ साली अमेरिकेत क्लॉड क्ली आणि लुई सोकोलॉफ या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या उंदरांच्या मेंदूत हे एन्झाइम मोजलं. अशा मोजणीची नेहमीची रीत पाहा. मेंदूचा तुकडा बर्फात ठेवलेल्या काचनळीत घोटायचा. त्याच्या थोड्याशा अर्कात कीटोन आणि एनएडी नावाचं, पेशींतलं एक मदतनीस रसायन मिसळायचं. निघालेला हायड्रोजन एनएडी उचलतं, आणि तसं झालं की ते ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषू लागतं. यंत्रावरचा आकडा जितका भरभर चढेल, तितकं एन्झाइम जास्त.

जन्माच्या वेळी ते अगदी थोडं असतं. मग दिवसागणिक वाढतं आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस सर्वांत जास्त होतं. त्याच सुमारास पिल्लाचं आईचं दूध सुटतं, ते दाण्यांवर येतं आणि एन्झाइम उतरणीला लागतं. दुसरीकडे ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवरचं एन्झाइम, पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज, तोवर वाढत आलेलं असतं. एक इंधन आटायच्या आत दुसऱ्याची तयारी! मला या संशोधनातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. शिवाय सगळे कीटोन जळत नाहीत. काहींपासून मेंदूतली चरबी आणि कोलेस्टेरॉल तयार होतं, आणि याच आठवड्यांत चेतातंतूंवर मायलिनचं चरबीयुक्त आवरण चढत असतं.

गिनिपिगचं तसं नाही. त्याचं पिल्लू डोळे उघडे ठेवूनच जन्मतं, अंगावर केस असतात, लगेच धावतं. त्याच्या मेंदूची मोठी वाढ आईच्या पोटातच उरकलेली असते, म्हणून बरीच एन्झाइमं जन्मतःच भरात असतात.

माणसाच्या मेंदूची झपाट्याची वाढ गरोदरपणात सुरू होते आणि जन्मानंतरही चालू राहते. तान्ह्या बाळांच्या मेंदूकडे जाणारं आणि तिथून परतणारं रक्त तपासलं, तेव्हा परतणाऱ्या रक्तात कीटोन कमी भरले. आपल्या बाळांचा मेंदूही ते वापरतो.