वारं गेलं ते किती वाजता?

विडी वळता वळता उजव्या हातातलं पान गळून पडलं. सूप मांडीवरून घसरलं, तंबाखू फरशीभर झाली. "काय झालं आत्या?" सून धावली. आत्यांचं तोंड वाकडं, शब्द फुटेना. शेजारीण म्हणाली, "अंगावरून वारं गेलंय. तेल लावून चोळा."

सोलापूरच्या पूर्व भागात लकव्याला अजून वारंच म्हणतात. पण बंद पडलेली असते मेंदूची रक्तवाहिनी, किंवा ती फुटलेली असते. बंद पडली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण फुटलेली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. तोवर मोठी वाहिनी तुंबलेल्या माणसाच्या मेंदूत दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरत असतात.

स्ट्रोकच्या, म्हणजे या लकव्याच्या, उपचारांचा कार्यक्रम नीट चालतोय का, हे बघायचं जगभर एक माप आहे. दवाखान्याच्या दारातून या इंजेक्शनच्या सुईपर्यंत ६० मिनिटं. माप चांगलंच आहे, पण घड्याळ दारात सुरू होतं. करमाळ्याहून शंभरावर किलोमीटर येणाऱ्याचा वेळ त्यात धरलाच जात नाही. १०८ला फोन केला, गाडी आली, तरी जवळच्या दवाखान्यात स्कॅनचं मशीन असेलच असं नाही.

म्हणून मूल्यमापन करताना आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो रुग्णांच्या रजिस्टरमधला एक रकाना : 'शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?' त्यात नुसतं 'सकाळी' लिहिलं, की डॉक्टरांचे हात बांधले गेले. झोपेतून उठतानाच हात लुळा असेल, तर वेळ आदल्या रात्रीपासून धरावी लागते. घरचे घाबरलेले असतात, घड्याळ कोण बघतो? जाणती सिस्टर मग वेगळं विचारते, "नळाला पाणी आलं त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर. घागर त्यांनीच भरली."

वेळ सापडली.

दुसरा रकाना तीन महिन्यांनंतरचा, आणि मूल्यमापनाचा खरा कस तिथे लागतो. माणूस वाचला एवढं लिहून भागत नाही. चालतो का, आपल्या हातानं जेवतो का, गोळ्या घेतो का, हे विचारावं लागतं.

फोन लागतो. सून सांगते, "जेवतात की, डाव्या हातानं."

"बीपीची गोळी?"

"संपल्यात. पगार झाला की आणू."