अंगठा परत आला

(तालुक्याच्या गावातील एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून.)

अध्यक्ष महाराज, मंचावरची मंडळी आणि पुढे सतरंजीवर बसलेले माझे जुने विद्यार्थी. मागे खुर्च्यांवर बसलेलेही माझेच विद्यार्थी आहेत, पण ते तेव्हाही मागेच बसायचे.

पत्रिकेत विषय छापलाय, 'ऑनलाईन फसवणूक आणि आपली सुरक्षितता'. हा विषय मी दिलेला नाही. मी दिलेला विषय होता 'अंगठा'. सचिव म्हणाले, गुरुजी, अंगठा म्हटलं तर लोकांना वाटेल पुन्हा प्रौढ शिक्षणाचे वर्ग लागले, कोणी फिरकणार नाही. म्हणून त्यांनी तो बदलला. मी बोलणार अंगठ्यावरच. ऑनलाईन त्यातून निघेल. तसेही हे कापसाचे चुकारे खात्यात पडायचे दिवस आहेत, म्हणजे फोन येण्याचेही हेच दिवस. आत येताना दारात त्या पोरानं एक वही पुढे केली, नाव लिहा म्हणून. त्या वहीवरही मी येणार आहे, पण शेवटी.

तर अंगठा. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत आम्हा मास्तरांच्या रात्री गेल्या. दिवसा पोरं, रात्री त्यांच्या आया. कंदील, फळा, आणि दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली, त्या बोटांत पाटीवरची पेन्सिल. एक मावशी होत्या, पन्नाशी उलटलेली. तीन महिन्यांत नाव लिहायला शिकल्या. पहिल्यांदा बँकेत जाऊन त्यांनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन मला म्हणाल्या, "गुरुजी, माह्या अंगठ्याची शाई गेली."

त्या वाक्यामागे दोन एकर वावर होतं. सासऱ्यानं सावकाराकडून पैसे घेतले, सावकारानं कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, रक्कम मागून भरली. तेव्हा ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. 1875 साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांवर चाल करून काय जाळलं? सोनं नाही, धान्य नाही. कर्जरोखे. आपला अंगठा कोणत्या कागदावर आहे आणि त्या कागदावर काय लिहिलंय, हे दोन्ही त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून कागदच जाळले. म्हणून आमच्या वर्गाचा एकच नियम होता, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला: वाचल्याशिवाय सही नाही, कोऱ्यावर अंगठा नाही.

आम्ही असा अंगठा घालवला. आणि मग तो परत आला.

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात दिलं गेलं, 29 सप्टेंबर 2010 ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. योजना वाईट होती असं मी म्हणत नाही. पण माझं दुःख समजून घ्या. मी ज्यांना सही शिकवली त्या मावशी एक दिवस रेशनच्या दुकानात रांगेत उभ्या दिसल्या. दुकानदार म्हणतो, अंगठा ठेवा. मशीन म्हणते, नाही पटला. दुसरा ठेवा. केसाला पुसून ठेवा. आयुष्यभर कापूस वेचला, निंदण केलं, त्या बोटांवर रेषा राहतील कुठून? दहाही बोटं फिरली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मले सही येते जी, इथं सही काहून चालत नाही?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पुढची गोष्ट याच मावशींची. निराधारचे पैसे काढायला त्या गावातल्या एका केंद्रावर गेल्या. तिथल्या माणसानं अंगठा घेतला. म्हणाला, मावशी, झालं नाही, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवला. पुन्हा. चार वेळा झाल्यावर म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. पंधरा दिवसांनी नातवानं पासबुकावर नोंद करून आणली, तर त्या एका दिवशी दोनदा पैसे निघालेले. आधारवर पैसे काढताना ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. आधारचा नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर काम होतं. मशीनवर काय उमटलं ते वाचणारा तोच, पैसे मोजणाराही तोच, आणि झालं की नाही झालं हे सांगणाराही तोच. सावकाराचा कोरा कागद आणि यात फरक काय, ते मला कोणीतरी सांगा. माणसाचं नाव घेत नाही. चार माणसं जाऊन त्याच्या ओट्यावर बसली, पैसे परत आले.

तेव्हा अंगठा ठेवला की पावती मागा. झालं नाही म्हणाला, तर झालं नाही ही पावतीही मागा. तीही निघते.

आता माझी आलुबोंड्याची गोष्ट. माझ्या घरच्यांनी ही इतक्या वेळा ऐकली आहे की आज त्या मुद्दाम आल्या नाहीत. (हशा)

दोन वर्षांपूर्वी पांढरकवड्याला लग्न होतं. परत येताना बस चुकली, भूक लागली, स्टँडबाहेरच्या गाडीवर आलुबोंडे घेतले. त्यानं कागदात बांधून दिले. आता मास्तराची सवय अशी की हाती आलेला कागद वाचायचाच, तेलकट असला तरी. उघडून बघतो तर एका माणसाच्या आधारची झेरॉक्स. समोर फोटो, मागे पत्ता, खाली पासबुकाचं पहिलं पान, खाते क्रमांकासकट. आणि फोटो कोणाचा? आमच्याच गावातल्या एका कास्तकाराचा, माझ्या वर्गात चौथीला दोनदा बसलेला. त्याच्या कपाळावर बेसनाचा डाग. वर सही, तारीख, आणि त्याच्या अक्षरात, मी शिकवलेल्या अक्षरात लिहिलेलं: 'खरी प्रत'.

मी गाडीवाल्याला विचारलं, हा कागद कुठला? तो म्हणाला, रद्दी घेतो जी, किलोनं. मी उरलेला गठ्ठा चाळला. दोन आणखी आधार, एक सातबारा, एका मुलीची दहावीची गुणपत्रिका. गुण चांगले होते. मी ते चारही कागद विकत मागितले. तो म्हणाला, त्याचे काय पैसे घ्यायचे, आणखी एक बोंडा घ्या. घेतला. चवीला उत्तम होता, हे मला मान्य करावं लागेल.

गावी आल्यावर त्या कास्तकाराच्या घरी गेलो. कागद पुढे ठेवला. तो बघत राहिला. म्हणाला, "गुरुजी, हे तर म्या कर्जासाठी देल्लं होतं." कुठे दिलं होतं ते त्यानं सांगितलं, मी सांगणार नाही. तिथून ते रद्दीत आणि रद्दीतून बेसनात. मग मी त्याच्या पोराला बसवलं आणि दूरसंचार खात्याची 'संचार साथी' साईट उघडायला लावली. नंबर टाकला, ओटीपी आला, त्याच्या नावावर किती सिमकार्डं आहेत त्याची यादी आली. चार. एक त्याचं, एक बायकोचं, एक पोराचं. चौथं कोणाचं, ते घरात कोणालाच माहीत नाही. बायको त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहू लागली, त्यावर वेगळं व्याख्यान होईल. (हशा) तिथे 'हा माझा नंबर नाही' असं नोंदवता येतं, ते नोंदवलं. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिमं चालतात, त्यामुळे एखादं जास्त असलं तर कळतही नाही. आणि त्या चौथ्या नंबरावरून कोणाला गंडा घातला गेला, तर पोलीस आधी याच्याच दारात येणार. ओळख चोरीला जाते म्हणजे काय होतं, ते मला त्या ओसरीत समजलं. माणूस घरातच असतो, बैलांना चारा टाकत असतो, आणि त्याच्या नावाचा दुसरा कोणी बाहेर हिंडत असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात यासाठी 66 क कलम आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण आधी तो सापडला पाहिजे.

यात सरकारचीही एक गंमत आहे. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयानं पत्रक काढलं, आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. दोनच दिवसांत केंद्रानं ते मागे घेतलं, म्हणे लोकांचा गैरसमज होईल, नेहमीची सावधगिरी बाळगा म्हणजे झालं. मी दोन दिवस किती खूश होतो! नेहमीची सावधगिरी म्हणजे नेमकी कोणती, हे त्या आलुबोंड्याला विचारा. त्यांच्याच साईटवर 'मास्क्ड आधार' मिळतं, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ते द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख. फक्त 'खरी प्रत' लिहिलं की

काय? चिठ्ठी. (वाचून) 'दहा मिनिटे. नंतर भजनी मंडळ.' बरं. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय आता दहा मिनिटांत.

दोन आकडे लिहून घ्या. 1930 आणि 1947. 1947 कोणी विसरणार नाही, ती आधारची मदत सेवा आहे. 1930 विसराल म्हणून सांगतो: आपल्या जिल्ह्यात पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला, राखीव जंगलातलं गवत कापलं, ते साल 1930. ती ऑनलाईन फसवणुकीची मदत सेवा आहे. पैसे गेले की तोच नंबर लावा. लाजू नका, जावयाला विचारू नका, उद्या तालुक्याला गेलो की बघू म्हणू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. मध्येच गाठले तर रोखून धरता येतात. उशीर झाला की कोणीतरी दूरच्या एटीएममधून काढून मोकळा होतो. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये परिपत्रक काढलं: चूक तुमची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा तुमच्या डोक्यावर नाही. पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा.

अंगठा बंद करून ठेवता येतो. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे. ते लावलं की कोणी खरेदीखतावरचा अंगठा उचलून रबराचा ठसा केला, आणि असे प्रकार झालेले आहेत, तरी तो चालत नाही. अडचण अशी की रेशनच्या मशीनवर तुमचाही चालत नाही. दुकानात जाण्याआधी थोड्या मिनिटांसाठी उघडायचा, मग तो आपोआप मिटतो. मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसेल तर यातलं काहीच होणार नाही, म्हणून आधी ते करा.

यूपीआयचा पिन हा अंगठाच समजा. पैसे घेताना पिन लागत नाही, देताना लागतो. कडबा कुट्टीची मशीन विकायला टाकली आणि कोणी म्हणाला, मी फौजी आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील, तर तो फौजी नाही. आणि असला तरी पैसे येणार नाहीत, जाणारच.

लग्नसराई आहे. व्हॉट्सॲपवर पत्रिका येईल, किंवा पीएम किसानचा हप्ता, किंवा आरटीओचं चलान. फाईलच्या नावाशेवटी एपीके लिहिलेलं असलं तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. ते एकदा आत बसलं की तुमचे मेसेज वाचतं, ओटीपी परस्पर घेऊन जातं. म्हणून "मी ओटीपी कोणाले सांगतलाच नाही" म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. चुकून दाबलं गेलं तर नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 लावा. लाडक्या बहिणींनी ई-केवायसी व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून करू नये, सरकारी साईटचं नाव स्वतः टाकून करावी.

निवृत्त मंडळींनो, 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. मलाही आला होता फोन, व्हिडिओवर खाकी वर्दी, म्हणे तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. मी म्हटलं, थांब, आधी हजेरी घेतो, तुझा नंबर किती? त्यानं फोन ठेवला. माझ्या नावावर कोणी कर्ज काढलंय का, हे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट बघता येतं. ते बघा.

आणखी तीन मुद्दे कागदावर आहेत, पण टाळकरी दारात उभे आहेत.

आता ती वही. मी आत येताना पाहिली. नाव, मोबाईल नंबर, सही, एवढे तीन रकाने आहेत. तुमच्यातल्या अकरा जणांनी सहीच्या पुढे आधार नंबरही लिहिलाय. कोणी मागितला होता? पहिल्यानं लिहिला, मग त्याचं बघून खालच्या दहांनी. ते पान मी फाडून घेतलंय, हे बघा, माझ्या खिशात आहे. मी इथे मंचाजवळ थांबतो. ज्यांचे नंबर आहेत त्यांनी येऊन आपापली ओळ खोडून जा. खोडणाऱ्याला मी ओळखत नसलो, तर सही मागेन.